न थांबणारा टाळ

ज्येष्ठ महिना उतरूं लागला म्हणजे आमच्या मावळांत पावसाळी वारें सुटतें. लोणावळ्याच्या डोंगरांत उगम पावणारी इंद्रायणी गढूळ पाण्यानें भरून वाहूं लागते, भातखाचरांच्या कामांची घाई उडते, आणि त्याच दिवसांत गांवोगांवचे वारकरी खांद्यास पडशी लावून देहू-आळंदीकडे निघतात. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून श्रीतुकाराममहाराजांची व अष्टमीस आळंदीहून श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी पंढरपुराकडे निघते, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. कित्येकांचे आजोबा व आजी त्या वाटेनें चाललेलीं आहेत. परंतु एक प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. हा एवढा मोठा गाणाऱ्यांचा समुदाय, ज्यांत बहुतेक सर्व स्वखुशीनें आलेले, ज्यांत कोणी कोणाचा नोकर नाहीं, तो इतके दिवस एका सुरांत चालतो तरी कसा?

आमच्या शाळेंत गायनाचें, चित्रकलेचें व नाटकाचें मंडळ आहे. मंडळें उत्साहानें निघतात आणि पुष्कळदां वर्षाच्या आंतच ओस पडतात. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार करणें विद्यार्थ्यांस व पालकांस उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें.

तुकाराममहाराजांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं १६८५ सालीं पालखीची प्रथा सुरू केली असें परंपरा सांगते. आळंदीच्या सोहळ्यास आज दिसणारी शिस्त लावून दिली ती हैबतबाबा आरफळकर यांनीं, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत. हे सातारा जिल्ह्यांतील आरफळ गांवचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरीं त्यांनीं चाकरी केली होती. लष्कराची रचना त्यांच्या परिचयाची होती. दिंड्यांचे क्रम व भजनाची पद्धति त्यांनीं बांधून दिली. मात्र लष्करांत जें काम धाकानें होतें तें येथें सुरानें व्हावें अशी योजना केली.

ही योजना पाहण्यासारखी आहे. दिंडीच्या अग्रभागीं पताका घेतलेले वारकरी असतात. त्यांच्या मागें टाळकऱ्यांच्या रांगा, मध्यें पखवाज वाजविणारा, त्यामागें विणेकरी, आणि नंतर डोक्यावर तुळशीवृंदावन किंवा पाण्याचा हंडा घेतलेल्या स्त्रिया. प्रत्येक दिंडीस क्रमांक आहे. ती रथाच्या पुढें कीं मागें, कोणाच्या नंतर, हें ठरलेलें असतें. त्यामुळें नव्यानें आलेल्या मनुष्यासही आपण कोठें उभें राहावयाचें हें विचारावें लागत नाहीं. विणेकरी हा दिंडीचा मुख्य खरा, परंतु तो हुकूम सोडीत नाहीं. तो अभंग सुरू करितो आणि टाळकरी तो उचलतात. कोणत्या वेळीं कोणते अभंग म्हणावयाचे हेंही परंपरेनें नेमलेलें असल्यामुळें, माझेंच गाणें आधीं व्हावें अशा वादास जागा उरत नाहीं.

येथपर्यंत झाली ती शिस्त. परंतु नुसत्या शिस्तीनें माणसें टिकत नाहींत. हजारों माणसें एकत्र चाललीं म्हणजे गाऱ्हाणीं होणारच. कोणाच्या दिंडीस उतरावयास जागा मिळत नाहीं, कोणाची पाण्याची सोय होत नाहीं, कोणी आपला क्रम सोडून पुढें घुसतो. या गाऱ्हाण्यांसाठीं आळंदीच्या सोहळ्यांत जी तोड आहे ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटते.

सायंकाळीं पालखी मुक्कामास पोंचली म्हणजे सर्व दिंड्या तिच्याभोंवतीं उभ्या राहतात. यास समाजआरती म्हणतात. हजारों टाळ एकदम वाजत असतात. इतक्यांत चोपदार आपला चोप, म्हणजे हातांतील मानाचा दंड, वर उचलतो आणि मोठ्यानें हाळी देतो. पाहतां पाहतां सर्व टाळ बंद होतात. नुकत्याच दुमदुमणाऱ्या त्या माळावर एवढी शांतता पसरते कीं ऐकणारा थक्क व्हावा. मात्र ज्या दिंडीचें कांहीं गाऱ्हाणें असेल ती आपले टाळ थांबवीत नाहीं. सर्वत्र सामसूम असतांना तेवढाच एक टाळ वाजत राहतो. मग चोपदार त्या दिंडीकडे जातो, काय झालें तें विचारतो, आणि समजूत पटली म्हणजे तो टाळ थांबतो. त्यानंतर सांपडलेल्या व हरवलेल्या वस्तूंची माहिती सर्वांस सांगितली जाते, दुसऱ्या दिवशीं पालखी केव्हां निघावयाची तें पुकारलें जातें, आणि मग आरती होते.

वाचकहो, या साध्या रीतींत किती शहाणपण आहे तें पाहा. पहिली गोष्ट, गाऱ्हाणें सांगणें हा येथें अपराध मानीत नाहींत. त्यासाठीं नेमलेली वेळ आहे व नेमलेली खूण आहे. दुसरी गोष्ट, गाऱ्हाणें असणारा मुख्याच्या दारीं खेटे घालीत नाहीं, तर मुख्यच त्याच्याकडे चालत जातो. तिसरी गोष्ट, तें सर्वांसमक्ष उघड होतें, म्हणून पाठीमागें कुजबूज करण्याचें कारण उरत नाहीं. आणि चौथी गोष्ट, आजचें गाऱ्हाणें आजच ऐकावयाचें असतें, कारण उद्यां सकाळीं पुन्हां एकत्र चालावयाचें आहे. ज्याच्या हातीं चोप आहे त्याचा मोठेपणा टाळ बंद पाडण्यांत आहे असें लांबून पाहणारास वाटेल. आमच्या मतें तो मोठेपणा न थांबलेला टाळ ऐकून तिकडे जाण्यांत आहे.

या रीतीची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. चोपदार ऐकतो तें ज्याच्या हातीं टाळ आहे त्याचें. इरावती कर्वे यांनीं वारींत स्वतः चालून जो लेख लिहिला, त्यांत एकत्र गाणारे वारकरी जेवावयास मात्र जातवार वेगळे बसतात याची खंत त्यांनीं नोंदविली आहे. आणि ज्या विठ्ठलासाठीं एवढी वाट तुडवावयाची, त्याच्या मंदिरांत अस्पृश्य मानलेल्या भक्तांस प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींस १९४७ सालीं पंढरपुरास उपोषण करावें लागलें. तेव्हां कुठें तें दार उघडलें. सांगण्याचा हेतु असा कीं, मंडळांत ज्याला जागाच नाहीं त्याचें गाऱ्हाणें उत्तम रीतीलाही ऐकूं येत नाहीं. ऐकण्याच्या आधीं आंत घेणें आलें.

आतां आमच्या मावळाकडे वळूं. येथें गांवोगांवीं भजनी मंडळें आहेत. वर्षांतून एकदां अखंड हरिनाम सप्ताह होतो. सात दिवस वीणा खालीं ठेवावयाची नसते. त्यासाठीं पहाऱ्याची यादी करून देवळांत लावितात. कोणाचा पहारा किती वाजतां, हें त्या यादीवरून लहान मुलासही समजतें. मध्यरात्रीचा पहारा असलेला शेतकरी दिवसभराच्या कामानें थकलेला असूनही उठून येतो, कारण आपलें नांव तेथें लिहिलें आहे आणि आपण गेलों नाहीं तर आधींचा मनुष्य वीणा गळ्यांत घेऊन तिष्ठत उभा राहील, हें त्यास ठाऊक असतें. तसेंच, ओझें वांटलेलें असल्यामुळें तें एकट्यावर पडत नाहीं.

अशाच एका गांवीं पूर्वीं आम्ही भजनी मंडळ चालवीत होतों. वीसएक जण जमत. पखवाजावर एक पंधरा वर्षांचा मुलगा बसे. कार्तिकांत पहांटे काकडा असे. त्या थंडींत तो घरून कणीक मळून घेऊन येई व पुडीस लावून पखवाज सुरांत आणी. एके वर्षीं एक जुने वादक मुंबईहून गांवीं परतले. आम्हीं त्यांस आदरानें पखवाजावर बसविलें. तें योग्यच होतें. परंतु त्या मुलास आधीं एक शब्द सांगावा हें आम्हांस सुचलें नाहीं. तो नेहमींप्रमाणें कणकेचा गोळा हातांत घेऊन आला, दारांतच थबकला, आणि टाळ घेऊन कोपऱ्यांत बसला. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाहीं. आम्हीं म्हटलें, रुसला असेल, येईल. तो आला नाहीं. पुढच्या वर्षीं त्याचे दोन सोबती यावयाचे थांबले. तिसऱ्या वर्षीं आम्ही सातच जण उरलों. मंडळ मोडलें तें भांडणानें नव्हे, अबोल्यानें मोडलें.

पुष्कळ वर्षांनीं तो भेटला तेव्हां आम्हीं विषय काढला. तो हंसून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही आधी सांगितलं असतंत तर मीच उठून त्यांना जागा दिली असती. पण विचारायचं कुणाला?" हे शब्द आम्हांस अजून टोंचतात. त्याचा टाळ त्या दिवशीं कोपऱ्यांत वाजत होता. आम्हीं तो ऐकला नाहीं.

म्हणून आमच्या शाळेंतील मंडळांच्या चालकांस, ते विद्यार्थी असोत वा शिक्षक, आमची विनंति अशी. प्रत्येकाचें काम व नांव फळ्यावर लिहून लावा, म्हणजे आपली जागा कोणती हें नवख्यासही कळेल. कोणाचें काम बदलावयाचें असेल तर तें फळ्यावर लिहिण्यापूर्वीं त्याला समक्ष भेटून सांगा, आणि कारणही सांगा. प्रत्येक बैठकीच्या शेवटीं थोडा वेळ गाऱ्हाण्यांसाठीं राखून ठेवा. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठीं क्षणभर थांबा, कारण लाजरें मूल लगेच बोलत नाहीं. कोणाचें चित्र प्रदर्शनांत घेतलें नाहीं, तर त्यांत काय सुधारावें हें सांगूनच तें परत द्या. कोणी दोन बैठका चुकविल्या तर त्याची वाट पाहूं नका, त्याच्या घरीं जा. आणि चालकाचें काम वीणेच्या पहाऱ्याप्रमाणें पाळीपाळीनें फिरवा. दमलेला चालक ऐकेनासा होतो.

पालकांसही एक शब्द. आपला मुलगा किंवा मुलगी एकाएकीं "मला तिकडे जायचं नाही" असें म्हणूं लागली, तर तो आळस आहे असें समजून दटावूं नये, आणि तत्काळ मंडळ सोडण्याची परवानगीही देऊं नये. काय झालें तें आधीं विचारावें, आणि तें चालकांस सांगण्याचें धैर्य मुलास द्यावें. गाऱ्हाणें योग्य जागीं सांगतां येणें हेंही एक शिक्षणच आहे.

यंदा पालख्या निघतील तेव्हां ज्यांस शक्य असेल त्यांनीं एखाद्या मुक्कामीं समाजआरतीस अवश्य उभें राहावें. चोप वर गेल्यावर पसरणारी शांतता अनुभवावीच. परंतु त्या शांततेंत एखादा टाळ वाजत असेल तर तो विशेष लक्ष देऊन ऐकावा.