आठ वार लोकर आणि फ्लोरिडाचा उकाडा

डनीडिन (फ्लोरिडा) : मेक्सिकोच्या आखाताकाठी, टँपा शहराच्या पश्चिमेला वसलेल्या या गावात जुलै-ऑगस्टच्या दुपारी पारा ३२-३३ अंशांवर असतो. विदर्भातल्या वाचकाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण इथे हवेतला दमटपणा असा की अंगावरचा घाम वाळत नाही, आणि तिसऱ्या प्रहरी गडगडाटासह सर येऊन गेली की तापलेल्या रस्त्यांवरून वाफा निघतात. अशा हवेच्या या गावाने थंड, ओल्या डोंगराळ मुलखातला लोकरीचा किल्ट आपला मानला आहे आणि तो मनापासून जपला आहे.

गावाचं स्कॉटलंडशी नातं जुनं आहे. १८८२ मध्ये जे. ओ. डग्लस आणि जेम्स सॉमरव्हिल या दोन स्कॉटिश व्यापाऱ्यांनी इथल्या टपाल कचेरीसाठी हे नाव मागून घेतलं. एडिंबराचं गेलिक भाषेतलं नाव ते हेच. स्कॉटलंडमधलं स्टर्लिंग हे डनीडिनचं भगिनी-शहर आहे. सुमारे ३६ हजार वस्तीच्या या गावातले सगळेच काही स्कॉटिश वंशाचे नाहीत. तरी शाळांमधून मुला-मुलींना बॅगपाइप आणि ड्रम शिकवले जातात, हायस्कूलचा बँड किल्ट नेसून संचलन करतो आणि शहराचा पाइप बँड थेट ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेत वाजवून आला आहे.

उष्ण मुलखात किल्टचं काय करायचं, हा प्रश्न डनीडिनच्याही आधीचा. शेजारच्या जॉर्जिया राज्यात, डेरियन इथे स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलंड भागातले लोक १७३६ मध्येच येऊन वसले. वसाहतीचा प्रमुख जेम्स ओगलथॉर्प त्यांना भेटायला गेला तो त्यांच्यासारखाच वेश करून. भारतात मात्र वेगळं घडलं. सप्टेंबर १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांची लढाई झाली, तीत ७४वी आणि ७८वी अशा दोन हायलंड पलटणी होत्या. यांपैकी ७४व्या पलटणीने ‘इथल्या हवेला मानवत नाही’ म्हणून भारतात किल्ट बाजूला ठेवला होता. डनीडिनकरांनी तो बाजूला ठेवला नाही. त्यांनी तो हलका केला.

त्यासाठी किल्टची घडण समजून घ्यावी लागते. पूर्ण किल्टला आठ वार कापड लागतं, नऊवारी लुगड्याहून फक्त एक वार कमी. पण लुगडं अंगभर पसरतं; किल्टची आठ वार लोकर कमर ते गुडघा एवढ्याच पट्ट्यात सामावते. पुढे दोन सपाट पदर एकमेकांवर येतात आणि उरलेलं सगळं कापड मागे चुण्यांत जातं. या चुण्या कमरेपासून नितंबांपर्यंत शिवून टाकलेल्या असतात. आतून कॅनव्हास आणि अस्तर. त्यामुळे पाठीच्या खालच्या भागावर लोकरीचे कितीतरी थर बसतात आणि उकाड्यात पहिला घाम फुटतो तो तिथेच. त्याखाली मात्र कापड मोकळं असतं. चालताना चुण्या हलतात, हवा खेळती राहते, मांड्यांना काही चिकटत नाही. म्हणजे उन्हाळ्यातल्या किल्टचा खरा त्रास कमरेला आणि कमरेच्या वर आहे.

पहिला विचार कापडाच्या वजनाचा. टार्टनचं, म्हणजे किल्टच्या चौकटीदार कापडाचं, वजन दुहेरी पन्ह्यावर, दर वाराला औंसात मोजतात : ११, १३, १६. दुहेरी पन्ह्याचं चार वार कापड मधोमध कापलं की आठ वारी किल्ट होतो. हिशेब केला तर १६ औंसी किल्टमध्ये सुमारे १.८ किलो लोकर भरते, ११ औंसीमध्ये सव्वा किलो. अर्ध्या किलोहून जास्त ओझं कमरेवरून उतरतं. मात्र हलक्या कापडाच्या चुण्या लवकर विस्कटतात आणि समुद्रावरचा वारा सुटला की किल्ट उडतो. त्यामुळे १३ औंसी कापड हा मधला मार्ग ठरतो.

दुसरा उपाय वार कमी करण्याचा. १३ औंसी कापडाचा पाच वारी किल्ट एका किलोच्या आत बसतो. चार-पाच वारांच्या किल्टकडे नाक मुरडणारे लोक आहेत, पण इतिहास त्यांच्या बाजूने नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस चुण्या शिवलेले जे पहिले किल्ट तयार झाले ते साधारण चार वारांचेच होते आणि त्यांना रुंद बॉक्स प्लीट होत्या. बारीक चुण्यांचा आठ वारी किल्ट नंतरचा. तेव्हा उष्ण हवेत चार वारी किल्ट नेसणाऱ्याने संकोचायचं कारण नाही. त्याचंच वळण जुनं आहे.

लोकरच का, असा प्रश्न साहजिक आहे. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प पोटात घेतो, तरी हाताला ओला लागत नाही. अ‍ॅक्रिलिकचा किल्ट स्वस्त पडतो, पण तो बाष्प जवळजवळ घेतच नाही. घाम कातडीवरच राहतो. पॉली-व्हिस्कोस घरी धुता येतं, त्यामुळे शाळकरी मुलांसाठी आणि रोजच्या वापरासाठी ते सोयीचं. सिअ‍ॅटलच्या युटिलिकिल्ट्स कंपनीने २००० पासून खिशांचे सुती किल्ट लोकप्रिय केले. कामाला ते उत्तम, पण सुती कापड घामाने भिजलं की जड होतं आणि दमट हवेत वाळायला वेळ घेतं. दिवसभर उभं राहायचं असेल तर हलकी लोकरच बरी.

खरी सुटका होते ती किल्टच्या सोबतीचे कपडे कमी केल्यावर. प्रिन्स चार्ली कोट आणि वेस्टकोट हा संध्याकाळच्या मेजवानीचा पोशाख आहे. भर दुपारच्या लग्नात किंवा संचलनात तो अंगावर ठेवणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. हातोड्यासारखं वजन फेकणारे आणि ओंडका उलथवणारे मल्ल स्कॉटिश खेळांच्या दिवशी किल्ट सोडत नाहीत, पण वर साधा टी-शर्ट घालतात. इतरांसाठी सुती किंवा लिननचा शर्ट पुरेसा. तो लांब असावा आणि किल्टच्या आत नीट खोचावा, म्हणजे कमरेचा घाम अस्तरात जाण्याआधी शर्ट टिपून घेतो. गुडघ्यापर्यंतचे जाड लोकरी मोजे घोट्यांवर गुंडाळून ठेवता येतात. कमरेसमोरची स्पोरान ही पिशवी केसाळ कातड्याऐवजी साध्या चामड्याची घेतली की तेवढंच वजन घटतं.

मांड्यांची आतली बाजू घासून सोलवटते, हा दमट हवेतला सर्वांत मोठा आणि सगळ्यांत कमी बोलला जाणारा त्रास. आत काही घालायचं नाही, या चालत आलेल्या समजाचा इथे हट्ट धरू नये. पातळ, मांड्या झाकणारी चड्डी आणि थोडी पेट्रोलियम जेली एवढ्याने दिवस निभावतो. भाड्याचा किल्ट असेल तर स्वच्छतेसाठीही अंतर्वस्त्र हवंच. घरी आल्यावर किल्ट घडी करून कपाटात कोंबायचा नाही. कमरेकडून टांगून, सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळू द्यायचा. ओलसर राहिला तर बुरशी धरते, आणि घामाचे डाग तसेच ठेवले तर लोकरीला कसर लागते.

या सगळ्यावरचा आणखी एक तोडगा पंचांगात आहे. डनीडिनचे हायलंड गेम्स उन्हाळ्यात न भरता एप्रिलमध्ये भरतात. ६ एप्रिल हा अमेरिकेतला टार्टन दिनही. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या १३२० मधल्या आर्ब्रोथ जाहीरनाम्याची ती तारीख. जॉर्जियातल्या स्टोन माउंटनचे खेळ ऑक्टोबरमध्ये असतात. नॉर्थ कॅरोलिनात १९५६ पासून चालत आलेले ग्रँडफादर माउंटनचे खेळ जुलैतच होतात, पण चार हजार फुटांहून उंच, डोंगरावरच्या गार कुरणात.

टँपाच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एप्रिलमध्ये एकदा तरी डनीडिनला जावं आणि मुलांनाही न्यावं. कुणा स्कॉटिश मित्राच्या लग्नात किल्ट नेसायची वेळ आली, तर दुकानदाराला आधी कापड किती औंसी आहे ते विचारावं, कोट नको म्हणून स्पष्ट सांगावं आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी.