नदीकाठच्या गारगोट्यांचे दागिने



समुद्रकाठचे रंगीत खडे वेचून लोक त्यांचे दागिने करतात, हे आपण ऐकले असेल. बिद्रीहून समुद्र गाठायचा तर घाट उतरावा लागतो. पण इतक्या लांब जायचे कशाला? दूधगंगा आणि वेदगंगा दर पावसाळ्यात सह्याद्रीचा कातळ झिजवून खाली आणतात, त्यातच शोधायचे. आपली मोटार ज्या गारगोटीला जाते, त्या गावाचे नावच काय आहे पाहा!

काळ्या कातळात हे पांढरे, तांबूस खडे आले कुठून, असे मुले विचारतील. आंबोळी तव्यावर टाकली की तिला जाळी पडते ना, तसेच झाले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे तप्त लाव्हा पसरला, थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत मुरलेल्या पाण्याने सिलिकेचे थर साठवले. थरांचे पट्टे दिसतात तो अकीक. लोहाच्या अंशाने त्याला तांबूस रंग येतो. कातळ झिजतो, पण हा कठीण खडा मागे उरतो.

माणसाला त्याची हौस जुनीच. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली डॉ. सांकळिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळच्या वस्तीत दगडी मणीही सापडले. गुजरातेत खंबातला हा धंदा आजही चालतो. तिथे अकीक भाजून त्याचा रंग लाल करतात. आपण मात्र चुलीत दगड टाकू नये. आत पाणी असेल तर तो फुटून डोळ्यात उडायचा.

खडे वेचायला उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर जावे. धरणातून पाणी सोडतात, त्याची चौकशी करूनच मुलांना पात्रात उतरवावे. खडा ओला करून उन्हाकडे धरा. कडेने उजेड पाझरला तर ठेवा. मग चाकूच्या टोकाने ओरखडा. ओरखडा उठला तर तो मऊ दगड, टाकून द्या. बोराएवढा, चपटासा खडा सर्वांत सोयीचा.

आता महत्त्वाचे, बरं का. दगड घासायचा तो पाण्यातच. सुका घासू नये, मग तोंडाला फडके बांधलेले का असेना. गारेची बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही, पण फुफ्फुसात जाऊन बसते आणि दम कायमचा कोंडतो. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. खंबातला अकीक घासणाऱ्या कित्येक कारागिरांचा त्याने बळी घेतला आहे. गेलेले फुफ्फुस औषधाने परत येत नाही. म्हणून घमेल्यात पाणी घ्या, काळा वॉटरपेपर त्यात बुडवा आणि खडा बुडवूनच घासा. आधी १२० नंबरचा कागद, मग २२०, ४००, शेवटी १०००. घाई कामाची नाही, एका खड्याला दोन-तीन दिवसांच्या बैठका लागतील. गढूळ पाणी अंगणात फेकू नका. ते वाळले की पुन्हा धूळच. खड्ड्यात ओतून वर माती ओढा. आणि खरे सांगायचे तर नदीनेच गुळगुळीत केलेला खडा मिळाला, तर घासायचे कामच उरत नाही. शाळेत तेवढेच खडे घ्यावेत, असे माझे मत.

भोक पाडण्याच्या भानगडीतही पडू नये. लोखंडी टोक या दगडापुढे बोथट होते. त्यापेक्षा शिंके करा. पंपाची मोटर बांधणाऱ्याकडे तांब्याच्या तारेचे तुकडे मिळतात. त्यावरचे रोगण कागदाने खरवडून काढा, तेही अंगणात. वीतभर लांबीचे दोन तुकडे मधोमध एकमेकांवर आडवे-उभे ठेवून दोन पिळे द्या. त्यावर खडा बसवा, चारही टोके बाजूंनी वर घ्या आणि माथ्यावर एकत्र पिळा. दह्याचे मडके शिंक्यात बसते, तसा खडा बसला पाहिजे. हलला तर पक्कडीने तारेला मधे एक नागमोडी मुरड द्या, ती आवळते. उरलेल्या टोकाचा खिळ्याभोवती फेरा घेऊन कडी करा. टोचणारे टोक आत वळवायला विसरू नका. कडीत काळा दोरा ओवला की गळ्यातले तयार. हौस असेल त्याने हुपरीच्या कारागिराकडून चांदीची तार आणावी.

तांबे घामाने हिरवे पडते, कातडीलाही डाग लागतो. चिंचेचा कोळ चोळून धुतले की ते पुन्हा उजळते.