विद्युत् दिवा बदलणे (घरगुती)
निकामी झालेला विजेचा दिवा (बल्ब) धारकातून (होल्डरमधून) काढून त्याजागी दुसरा बसविण्याची क्रिया. ती साधी असली, तरी तीत विजेचा धक्का, भाजणे व उंचावरून पडणे हे धोके संभवतात. भिंतीवरील बटन बंद केले की धारकात वीज उरत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो नेहमीच खरा नसतो.

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा व प्रत्यावर्ती (ठराविक काळाने दिशा बदलणारा) असतो. दिव्याकडे जाणाऱ्या दोन तारांपैकी एक जिवंत (फेज) व दुसरी उदासीन (न्यूट्रल) असते. बटन जिवंत तारेत असावे लागते. परंतु सदोष जोडणीत ते उदासीन तारेत बसविलेले आढळते. अशा वेळी बटन बंद केल्यावर दिवा विझतो, पण धारक जिवंत तारेशी जोडलेलाच राहतो. बटन बंद असतानाही एलईडी दिवा अंधारात मंद उजळत वा लुकलुकत असल्यास या दोषाची शंका घ्यावी, मात्र दर्शक दिवा असलेल्या बटनामुळेही असे घडू शकते. दोषाची दुरुस्ती तारतंत्र्याकडूनच करवून घेणे इष्ट.

यास्तव मुख्य स्विच बंद करणे हाच खात्रीचा उपाय होय. घरात इन्व्हर्टर असल्यास तेवढ्यानेही भागत नाही. मुख्य पुरवठा थांबताच तो आपोआप सुरू होऊन त्याला जोडलेल्या दिव्यांना वीज पुरवितो, म्हणून तोही वेगळा बंद करावा लागतो. हे काम शक्यतो दिवसाउजेडी करावे.

तंतुदीपातील टंगस्टनाची तार सु. २,५००° से.पर्यंत तापते व काचेचा फुगाही हात भाजण्याइतका गरम होतो. तो निवू द्यावा. चढण्यासाठी न डगमगणारे लाकडी स्टूल वा घोडा घ्यावा. फिरती खुर्ची वापरू नये. सौम्य धक्क्यानेही माणूस दचकून तोल जातो आणि मूळ धक्क्यापेक्षा पडण्याची इजा अधिक गंभीर ठरू शकते. हात व पाय कोरडे असावेत.

भारतीय घरांत रूढ असलेल्या दिव्याच्या टोपणास दोन बाजूंस दोन खुंट्या असतात. बंदुकीला संगीन अडकविण्याच्या पद्धतीशी साम्य असल्याने त्यास संगीन टोपण म्हणतात. दिवा हलकेच वर दाबून, खालून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने किंचित फिरविला की खुंट्या खाचांतून सुटतात. नवा दिवा दाबून उलट फिरविला की धारकातील स्प्रिंगांमुळे घट्ट बसतो. आट्यांच्या टोपणाचा दिवा न दाबता नुसता फिरवावा लागतो. दिवा अडकल्यास जोर लावू नये, कारण उष्णतेने ठिसूळ झालेला बेकेलाइटचा धारक तडकतो. काच फुटून टोपण आत राहिल्यास वरीलप्रमाणे वीज पूर्ण बंद करूनच ते पकडीने फिरवून काढावे. पकडीच्या मुठीवरील रबराच्या भरवशावर राहू नये.

नव्या दिव्याचे वॉट धारकावर वा छत्रीवर नमूद केलेल्या मर्यादेपेक्षा अधिक नसावेत. लहान अनुस्फुरक दिव्यात (सीएफएलमध्ये) थोडा पारा असतो. तो फुटल्यास खिडक्या उघडून काही वेळ खोलीबाहेर थांबावे आणि नंतर तुकडे झाडूने न लोटता जाड कागदाने व ओल्या फडक्याने गोळा करून बंद डब्यात ठेवावेत.