विद्यापीठ आणि व्यावसायिक बास्केटबॉल : टोरांटोतील दोन संघांची कथा

(हावदालानंतर आपल्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



काही आठवड्यांपूर्वी किद्दुशच्या वेळी आपल्यातील एका तरुणाने मला दोन प्रश्न विचारले. "काका, विद्यापीठात शिकत असताना व्यावसायिक संघाकडून बास्केटबॉल खेळले, तर विद्यापीठाच्या संघातले माझे स्थान जाईल का? आणि सामना शुक्रवारी संध्याकाळी असला, तर मी काय करावे?" त्याचे आईवडील शेजारीच उभे होते. आईला अभ्यासाची चिंता होती, वडिलांना शब्बाथची. मी त्या वेळी नीट उत्तर देऊ शकलो नाही. म्हणून थोडे वाचन केले, थोडी चौकशी केली आणि आज जे सांगणार आहे ते जमवले.

प्रारंभ या खेळाच्या जन्मापासून करतो, कारण बास्केटबॉल हा शिक्षणसंस्थेतच जन्मलेला खेळ आहे. त्याचे जनक जेम्स नेस्मिथ हे ओटावाजवळच्या आल्मॉन्ट गावचे. जन्म १८६१ चा. नवव्या वर्षी आईवडिलांचे छत्र हरपलेला हा मुलगा पुढे माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात शिकला आणि तेथेच व्यायामशिक्षक झाला. त्यानंतर तो अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, वाय.एम.सी.ए.च्या शिक्षकांना घडवणाऱ्या विद्यालयात गेला. १८९१ च्या डिसेंबरात, बाहेर बर्फ पडलेले असताना, १८ कंटाळलेल्या विद्यार्थ्यांना चार भिंतींच्या आत कसे गुंतवावे हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, हाती फुटबॉल दिला आणि १३ नियम लिहून काढले. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता. बास्केटची उंची आजही दहा फूटच आहे.

त्या विद्यालयातून बाहेर पडलेले शिक्षक जगभर गेले आणि त्यांच्याबरोबर हा खेळही गेला. भायखळा, माझगाव, जेकब सर्कल या भागांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना नागपाड्याचे बास्केटबॉल वेगळे सांगावयास नको. अमेरिकन मराठी मिशनने १९२७ मध्ये स्थापिलेले नागपाडा नेबरहूड हाउस आणि मस्तान तलावाचे मैदान यांनी मुंबईला कित्येक पिढ्या खेळाडू पुरवले. लहानपणी त्या मैदानाच्या कडेला उभे राहून मी जो खेळ पाहिला, तो एका कॅनेडियन शिक्षकाने रचला होता, हे मला येथे स्थायिक झाल्यावरच कळले.

आता टोरांटोच्या पहिल्या व्यावसायिक संघाकडे वळतो. दुसरे महायुद्ध संपले आणि ६ जून १९४६ रोजी न्यूयॉर्क येथे बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका ही संघटना स्थापन झाली. तीच पुढे १९४९ मध्ये एन.बी.ए. झाली. तिचे संस्थापक प्रामुख्याने आइस हॉकीच्या मोठ्या बंदिस्त मैदानांचे मालक होते. हॉकी नसेल त्या रात्री मैदान रिकामे राहू नये, हा त्यांचा सरळ हिशोब. अध्यक्षपदी आले मॉरिस पोडोलॉफ. हे रशियन साम्राज्यात जन्मलेले ज्यू गृहस्थ येल विद्यापीठात कायदा शिकलेले होते. ११ शहरांना संघ मिळाले आणि त्यांत टोरांटो हस्कीज हा एकच संघ कॅनडाचा होता.

हस्कीजच्या व्यवस्थापनाची धुरा ल्यू हेमन यांच्याकडे होती. हेही ज्यू. सिरॅक्यूज विद्यापीठात त्यांनी बास्केटबॉल गाजवले आणि १९३२ च्या सुमारास ते टोरांटो विद्यापीठात बास्केटबॉलचे प्रशिक्षक म्हणून आले. पुढे टोरांटो आर्गोनॉट्स या फुटबॉल संघाला त्यांनी १९३३, १९३७ आणि १९३८ असा तीनदा ग्रे कप मिळवून दिला. हस्कीजमध्ये प्रारंभी कॅनडात वाढलेले दोनच खेळाडू होते, हँक बिआसाती आणि जीनो सोव्रान. दोघेही विंडसरच्या असम्प्शन कॉलेजच्या परंपरेतले. ते कॉलेज म्हणजे आजच्या विंडसर विद्यापीठाचे मूळ. संघ व्यावसायिक होता, पण त्याला लागणारी माणसे विद्यापीठांनी घडवली होती.

१ नोव्हेंबर १९४६ रोजी मेपल लीफ गार्डन्समध्ये हस्कीज आणि न्यूयॉर्क निकरबॉकर्स यांचा सामना झाला. एन.बी.ए.च्या इतिहासात हा पहिला सामना मानला जातो. प्रेक्षक यावेत म्हणून एक युक्ती योजण्यात आली होती. हस्कीजच्या जॉर्ज नॉस्ट्रँडची उंची सहा फूट आठ इंच होती आणि त्याच्याहून उंच असणाऱ्या कोणालाही प्रवेश विनामूल्य, अशी जाहिरात वर्तमानपत्रांत आली. ७,०९० प्रेक्षक जमले. न्यूयॉर्कने सामना ६८ विरुद्ध ६६ असा जिंकला.

त्या सामन्यातील, म्हणजेच एन.बी.ए.च्या इतिहासातील, पहिली बास्केट न्यूयॉर्कच्या ऑसी शेक्टमनने केली. रशियातून आलेल्या ज्यू आईबापांचा हा मुलगा लाँग आयलंड विद्यापीठातून पुढे आला होता. त्याच्या संघात हर्ट्झबर्ग, कॅप्लोविट्झ, रोझेनस्टाइन, गॉटलिब असे आणखी बरेच ज्यू खेळाडू होते. त्यांच्यापैकी बहुतेकांना हा खेळ न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या वस्त्यांनी आणि तेथील विद्यापीठांनी शिकवला.

हे वाचताना अभिमानाने माझी छाती फुलली. नंतर सहज जुनी दिनदर्शिका काढून पाहिली, तर १ नोव्हेंबर १९४६ हा शुक्रवार होता. नोव्हेंबरात टोरांटोत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे ज्या बास्केटचा आपण अभिमान धरतो, ती शब्बाथ सुरू झाल्यावर पडली.

या मुद्द्याकडे मी शेवटी परत येईन. तोपर्यंत तो मनात राहू द्यावा.

हस्कीजचे पुढे काय झाले? ६० सामन्यांपैकी त्यांनी २२ जिंकले, ३८ हरले. एका हंगामात चार प्रशिक्षक झाले. त्यांतील एक स्वतः हेमन, तेही एका सामन्यापुरते. आर्थिक नुकसान सोसवेना, म्हणून १९४७ च्या उन्हाळ्यात संघ विसर्जित झाला. त्या वर्षी क्लीव्हलँड, डेट्रॉइट आणि पिट्सबर्गचे संघही बंद पडले. टोरांटोला एन.बी.ए.चा पुढचा संघ, म्हणजे रॅप्टर्स, पाहण्यासाठी १९९५ सालापर्यंत थांबावे लागले.

हस्कीज का टिकले नाहीत? हे हॉकीचे शहर होते, हे कारण सर्वजण सांगतात आणि ते खरेच आहे. मला दुसरेही एक कारण दिसते. या शहरातील शाळेत खेळणाऱ्या मुलाला त्या संघापर्यंत नेणारी वाट नव्हती. खेळाडू बाहेरून आले आणि बाहेर निघून गेले. ज्या संघात आपल्या गल्लीतला मुलगा नाही, त्याच्यासाठी थंडीत रात्री घराबाहेर कोण पडणार?

याच्या उलट उदाहरणही कॅनडातच आहे. एडमंटनच्या मॅकडूगल कमर्शियल हायस्कूलच्या माजी विद्यार्थिनींनी चालवलेला ग्रॅड्स हा संघ १९१५ ते १९४० असा पंचवीस वर्षे खेळला. त्यांचे शिक्षक पर्सी पेज हेच प्रशिक्षक. त्या काळात या मुलींनी ५०२ सामने जिंकले आणि केवळ २० गमावले, अशी नोंद सांगितली जाते. त्या हौशी खेळाडू होत्या, कोणाला वेतन नव्हते. पण शाळेतून दरवर्षी नव्या मुली तयार होऊन येत होत्या, म्हणून संघ टिकला.

मेपल लीफ गार्डन्सची ती वास्तू आजही उभी आहे. तळमजल्यावर किराणा मालाचे मोठे दुकान आहे. तेथे खरेदी करणाऱ्या आपल्या भगिनींनी जमिनीवरचा तांबडा ठिपका पाहिला असेल, ती जुन्या हॉकी मैदानाची मध्यखूण. वरच्या मजल्यांवर २०१२ पासून विद्यापीठाचे क्रीडाकेंद्र आहे. ते विद्यापीठ म्हणजे पूर्वीचे रायर्सन, आजचे टोरांटो मेट्रोपॉलिटन. एका हंगामात मोडलेल्या व्यावसायिक संघाच्या जागी आता विद्यार्थी बास्केटबॉल खेळतात.

आता दुसरा संघ. कॅनेडियन एलिट बास्केटबॉल लीग, म्हणजे सी.ई.बी.एल., २०१७ मध्ये स्थापन झाली आणि २०१९ मध्ये सहा संघांनिशी तिचा पहिला हंगाम झाला. २०२२ मध्ये तिच्यात स्कारबरो शूटिंग स्टार्स हा संघ आला. पहिल्याच हंगामात प्रसिद्ध गायक जे. कोल त्यांच्याकडून खेळल्यामुळे पुष्कळ गाजावाजा झाला. २०२३ मध्ये संघाने विजेतेपदही मिळवले.

हा संघ विद्यापीठाच्या मालकीचा नाही, हे प्रथम स्पष्ट करतो. परंतु त्याचे घरचे मैदान टोरांटो विद्यापीठाच्या स्कारबरो परिसरालगतच्या पॅन ॲम क्रीडाकेंद्रात आहे आणि ते केंद्र शहर व विद्यापीठ यांच्या संयुक्त मालकीचे आहे. २०१५ च्या पॅन अमेरिकन स्पर्धांसाठी ते उभारले गेले. त्याच्या खर्चाचा वाटा आपल्या शुल्कातून उचलण्यास तेथील विद्यार्थ्यांनी २०१० मध्ये मतदानाने संमती दिली होती. म्हणजे व्यावसायिक संघ ज्या छताखाली खेळतो, ते छत काही अंशी विद्यार्थ्यांच्या पैशांतून उभे राहिले आहे.

दुसरा दुवा नियमांचा आहे आणि त्या तरुणाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. अमेरिकेत दीर्घकाळ असा दंडक होता की विद्यार्थ्याने व्यावसायिक संघाशी करार केला, तर विद्यापीठाच्या संघाचे दार त्याला बंद होई. कॅनडात विद्यापीठांच्या खेळांची राष्ट्रीय संस्था यू स्पोर्ट्स आणि सी.ई.बी.एल. यांनी वेगळी व्यवस्था केली. दरवर्षी लीगमधील संघ पाळीपाळीने विद्यापीठांतील खेळाडू निवडतात. यालाच ड्राफ्ट म्हणतात. प्रत्येक संघात विद्यापीठाचा किमान एक खेळाडू ठेवावा लागतो. असा विद्यार्थी उन्हाळ्यात व्यावसायिकांबरोबर खेळून सप्टेंबरात वर्गात परत येतो, आणि विद्यापीठाकडून खेळण्याचा त्याचा हक्क अबाधित राहतो. लीगचा हंगाम साधारण मे ते ऑगस्ट असल्यामुळे व्याख्याने आणि परीक्षा यांच्याशी त्याचा संघर्षही कमी. १९४६ मध्ये जी वाट नव्हती, ती ही. तेव्हा त्या माउलीला मी सांगेन की शिक्षण सोडावे लागत नाही. उलट ही वाट वर्गातूनच जाते.

वडिलांचा प्रश्न मात्र अधिक कठीण आहे.

शेक्टमनच्या लाँग आयलंड विद्यापीठाचीच एक जुनी गोष्ट सांगतो. १९३६ मध्ये त्या विद्यापीठाचा संघ अमेरिकेतील सर्वोत्तमांपैकी एक होता आणि त्यात ज्यू खेळाडू पुष्कळ होते. बर्लिन ऑलिंपिकसाठी निवडसामने व्हायचे होते. हिटलरच्या जर्मनीचा निषेध म्हणून तो संघ त्या सामन्यांत उतरलाच नाही. ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला प्रथमच स्थान मिळाले होते आणि वृद्ध नेस्मिथ स्वतः पाहावयास गेले होते. अंतिम सामना उघड्यावर, भर पावसात, चिखलात झाला. अमेरिकेने कॅनडाचा १९ विरुद्ध ८ असा पराभव केला. कॅनडाच्या त्या रौप्यपदक विजेत्या संघात विंडसरचा अर्व्हिंग मेरेट्स्की हा ज्यू खेळाडू होता. एका बाजूस न जाणारे, दुसऱ्या बाजूस जाऊन पदक आणणारा. कोणाला दोष द्यावा, असे मला वाटत नाही. इतकेच दिसते की न जाणाऱ्यांनी आपला निर्णय मैदानावर पाऊल ठेवण्यापूर्वी घेतला होता, आणि सर्वांनी मिळून घेतला होता.

कोकणात आपल्या पूर्वजांना लोक शनवार तेली म्हणत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. त्या दिवसाचे तेल, त्या दिवसाची कमाई ते सोडत. ही गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो. परंतु खरे सांगायचे तर मुंबईत नोकरी करताना मी स्वतः कित्येक शनिवार कचेरीत घालवले आहेत. रजा मागण्याचे धैर्य झाले नाही. म्हणून शुक्रवारी रात्री खेळलेल्या शेक्टमनला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही, आणि या तरुणाला आज्ञा करण्याचाही नाही.

फक्त अनुभवाचे दोन शब्द सांगतो. विद्यापीठांचे सामने येथे बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी असतात. उन्हाळ्यात सूर्यास्त नऊच्या सुमारास होतो, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सुरू झालेला सामना मेणबत्त्या लावण्याच्या वेळेवर येऊन ठेपतो, आणि शनिवारचा सामना हावदालापूर्वीच सुरू होतो. तेव्हा निवड होण्यापूर्वीच प्रशिक्षकाला स्पष्ट सांगावे. वेळापत्रक मागून घ्यावे. कोणत्या सामन्यांना आपण नसू, ते आधीच ठरवावे. असे केल्याने संधी जातेच असे नाही. न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठाचा संघ शब्बाथला खेळत नाही आणि त्याच संघाने २०१९ ते २०२१ या काळात सलग ५० सामने जिंकले. मी माझ्या वरिष्ठांना कधी विचारलेच नाही. ते काय म्हणाले असते, हे आज मला सांगता येत नाही, आणि त्याचीच मला खंत आहे. या तरुणाने निदान विचारावे.

तो निवडला गेला, तर रविवारच्या सामन्याला आपण सर्वांनी स्कारबरोला जावे, अशी माझी विनंती आहे. हस्कीजना जे मिळाले नाही, ते आपल्या मुलाला मिळावे. प्रेक्षकांत त्याला ओळखणारी माणसे असावीत.