वाऱ्याविरुद्ध वाहणारे पाणी

डिसेंबर-जानेवारीत कोकण किनाऱ्यावर वारा उत्तरेकडून येतो. पाण्यानेही त्याच्यासोबत दक्षिणेला जावे, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्या दिवसांत किनाऱ्यालगतचा प्रवाह वाऱ्याच्या उलट, उत्तरेकडे वाहतो आणि पावसाळ्यात दक्षिणेकडे वळतो. गोव्यात दोनापावलला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या हिवाळी प्रवाहाची मोजमापे 1991 साली प्रसिद्ध केली. पुढच्या संशोधनात त्याचे एक मूळ थेट बंगालच्या उपसागरात सापडले. तिथल्या वाऱ्याने उठवलेल्या अतिशय लांब, संथ लाटा श्रीलंकेला वळसा घालून आपल्या किनाऱ्याने वर सरकतात. पाण्याच्या पृष्ठभागावर त्या डोळ्यांना दिसतही नाहीत. म्हणजे मालवणसमोरचे पाणी कुठे जाणार, हे काही अंशी पलीकडच्या समुद्रातला वारा ठरवतो. मला हा आपल्या समुद्राविषयीचा सर्वांत विलक्षण शोध वाटतो.

असे शोध मोजमापांवर उभे राहतात, आणि मोजायला पाण्यातच असावे लागते. उपग्रहाची नजर अफाट खरी, पण ती पाण्याच्या कातडीपाशी थांबते. समुद्राचे तापमान टिपणाऱ्या अवरक्त किरणांना ढग अडवतात, म्हणजे ऐन मोसमी पावसात, माहितीची सर्वाधिक गरज असताना, ही नजर अंधारते. सूक्ष्मलहरी ढगांतून पार होतात, तरी त्याही वरवरचेच सांगतात. शिवाय उपग्रहाचा आकडा बरोबर की चूक, हे ताडायला पाण्यातला तापमापक लागतोच.

यातले सर्वांत साधे साधन म्हणजे ड्रिफ्टर. वर कलिंगडाएवढा तरंगता गोळा, त्यात तापमापक आणि उपग्रहाशी बोलणारे यंत्र. खाली दोरीला, सुमारे 15 मीटर खोलीवर, भोके पाडलेली लांब कापडी नळी. सगळी युक्ती या नळीत आहे. ती पाण्याला धरून ठेवते, म्हणून गोळा वाऱ्यामागे न धावता प्रवाहाबरोबर जातो. नळी तुटली की तोच गोळा वाऱ्याच्या धक्क्याने भरकटतो आणि त्याची नोंद वेगळी काढावी लागते. जगभरच्या समुद्रांत असे 1250 ड्रिफ्टर कायम फिरते ठेवायचे, हे उद्दिष्ट 2005 साली गाठले गेले. अनेकांवर वायुभारमापकही असतो. भर समुद्रात हवेचा दाब मोजणारे दुसरे फारसे कुणी नसल्याने हवामानाच्या अंदाजात या छोट्या यंत्राचे वजन मोठे आहे. आयुष्य संपलेला ड्रिफ्टर मात्र बहुधा परत गोळा केला जात नाही. तेवढा प्लास्टिकचा कचरा आपण समुद्रात टाकतो, हे मान्य करून त्यावर उपाय शोधायला हवा.

ड्रिफ्टर वाहत जातो. नांगरलेला बोया एका जागी राहून बदल टिपतो. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने 1996 मध्ये असा कार्यक्रम हाती घेतला. आज अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात या संस्थेचे ‘ओम्नी’ बोये आहेत. वर वारा, दाब, आर्द्रता, पाऊस. खाली 500 मीटरपर्यंत तापमान आणि क्षारता. माहिती उपग्रहामार्फत किनाऱ्यावर येते आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या महासागर-माहिती केंद्रातून अंदाज करणाऱ्यांपर्यंत पोचते.

क्षारतेला इतके महत्त्व का, याचे उत्तर बंगालच्या उपसागरात आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि भरपूर पाऊस यांचे गोडे पाणी तिथे खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे पसरते. हलके असल्याने ते सहज खाली मिसळत नाही. चक्रीवादळ सहसा समुद्र ढवळून खालचे थंड पाणी वर आणते आणि त्याने स्वतःचीच ऊर्जा तोडते. उपसागरात हा गोडा थर ते ढवळणे अडवतो. पाणी कमी थंड होते आणि वादळाला इंधन मिळत राहते. ‘निसर्ग’ आणि ‘तौक्ते’ ही चक्रीवादळे भोगलेल्या कोकणाला ही ऊर्जेची गणिते परकी राहिलेली नाहीत, जरी अरबी समुद्राची क्षारतेची कहाणी वेगळी असली तरी.

इतके करूनही मोजमापांची ही साखळी नाजूक आहे. हिंदी महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यात 2004 पासून ‘रामा’ नावाची आंतरराष्ट्रीय बोयामाला उभी राहू लागली. सोमालियाच्या चाच्यांमुळे तिचा पश्चिमेकडचा भाग वर्षानुवर्षे रखडला. आपल्याकडचे दुखणे अधिक जवळचे आहे. तरंगत्या वस्तूखाली मासे जमतात, म्हणून बोटी बोयाकडे येतात. कुणी बोट त्यालाच बांधते, जाळे अडकते, संवेदकांच्या तारा तुटतात, सौरपट्ट्या काढून नेल्या जातात. चेन्नईच्या संस्थेने काही बोयांवर कॅमेरेही बसवले. नुसता दंड करून हे थांबेल असे मला वाटत नाही. ज्या माणसाला दूरवर मासळी दिसते आहे, त्याला या यंत्राचा उपयोग कुणी सांगितलेलाच नसतो. वादळाचा इशारा तर सर्वांत आधी त्याच्याच बोटीला हवा असतो.

म्हणून किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्यांना विनंती आहे: हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या सभेत हा विषय घ्या, तांडेलांना बोयाचे चित्र दाखवा. समुद्रात बोया दिसला तर बोट बांधू नका, जाळे लांबून फिरवा. वाहून किनाऱ्याला लागलेला सापडला तर तो उघडू नका; त्यावरचा क्रमांक टिपून सागरी पोलिसांना किंवा मत्स्यव्यवसाय खात्याला कळवा.