छापण्यापूर्वीं कोण वाचतो?

'शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें' असें वर्तमानपत्रांत वाचलें म्हणजे आपण मान डोलावतों. परंतु तो शोध शास्त्रीय नियतकालिकांत छापण्यायोग्य आहे हें ठरवितो कोण, असें फारसें कोणी विचारीत नाहीं.

निबंध आला म्हणजे संपादक तो प्रथम स्वतः चाळतो. पुष्कळ निबंध तेथूनच परत जातात. उरलेले तो त्याच विषयांतील दोन-तीन जाणत्यांकडे पाठवितो. ह्या परीक्षकांस बहुधा मोबदला नसतो, व त्यांचीं नांवें लेखकास बहुधा कळत नाहींत. रीत बरोबर आहे काय, गणित जुळतें काय, पुराव्याबाहेर कांहीं बोललें गेलें काय, हें पाहून ते लेखी अभिप्राय देतात. पहिल्याच खेपेस स्वीकार क्वचित्. बहुधा दुरुस्त्या सुचविल्या जातात. अखेरचा निर्णय मात्र संपादकाचा. परीक्षक सहसा प्रयोग पुन्हां करून पाहत नाहींत, हेंही ध्यानांत असावें.

लंडनच्या रॉयल सोसायटीचें 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' १६६५ सालीं निघालें. तज्ज्ञांचे लेखी अभिप्राय घेण्याची पद्धत तेथें १८३२ च्या सुमारास पडली. त्या सोसायटीकडे १८४५ सालीं मुंबईहून एक निबंध गेला. लेखक जॉन जेम्स वॉटरस्टन हे स्कॉटलंडचे. मुंबईस ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी उमेदवारांस ते शिकवीत. म्हणजे आमच्याच धंद्यांतले! वायूचे सूक्ष्म कण सर्व दिशांस अखंड धावत असतात, भांड्याच्या बाजूंवर त्यांचे जे आघात होतात तोच वायूचा दाब, आणि एकाच उष्णतामानास जड कण मंद व हलके कण जलद धावतात, असें त्यांनीं मांडलें होतें. निबंधांत कांहीं चुका होत्या, परंतु गाभा खरा होता. दोन परीक्षकांपैकीं सर जॉन लबक ह्यांनीं मात्र तो निव्वळ मूर्खपणा ठरविला.

त्रोटक सारांश तेवढा छापला गेला. मूळ निबंध सोसायटीच्या दप्तरांत राहिला, आणि वॉटरस्टन ह्यांजपाशीं प्रत नव्हती! पुढें क्लॉसियस (१८५७) व मॅक्सवेल (१८६०) ह्यांनीं स्वतंत्रपणें तीच वाट चालून कीर्ति मिळविली. वॉटरस्टन १८८३ सालीं एडिंबरोजवळ घराबाहेर पडले ते परतलेच नाहींत. १८९१ सालीं सोसायटीचे चिटणीस लॉर्ड रॅले ह्यांस तो निबंध दप्तरांत सांपडला, व १८९२ सालीं त्यांनीं तो प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला.

त्या प्रस्तावनेंत तरुण लेखकांस सल्ला आहे कीं, आधीं लहान व सहज पारखतां येईल असें काम करून नांव मिळवावें, मग मोठी झेप घ्यावी. सल्ला व्यवहाराचा खरा, तरी मला तो थोडा निष्ठुर वाटतो. निबंध पारखावयाचा कीं नांव?

म्हणून ही पद्धत टाकावी असें मात्र मी म्हणणार नाहीं. चाळणी नसेल तर कोंडाच पिठांत जावयाचा. आतां कांहीं नियतकालिकें लेखकाचें नांवही परीक्षकांपासून झांकून ठेवितात. आणि अनोळखी रीतीनें सोडविलेलें उदाहरण उत्तरपत्रिकेंत दिसलें म्हणजे माझी लाल पेन्सिल हल्लीं जराशी थांबते.