बचावाची तालीम

चेंडूच्या कोणत्याही खेळांत प्रेक्षकांची दृष्टि चेंडूच्या मागें धांवत असते. गुण कोणी मिळविला तें फळ्यावर लिहिलें जातें व दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांत त्याचें नांव येतें. कोणी चेंडू हिसकावला तर त्याचीही मोजदाद होते. परंतु जो वेळेवर योग्य जागीं उभा राहिला व त्यामुळें प्रतिपक्षाचा बेत मुळांतच मोडला, त्याचें नांव कोठें लिहावें? संसारांतही असेंच आहे. मिळवत्याची मिळकत सर्वांस दिसते; घरांतील दुखणें वाढूं न देणाऱ्या वहिनी आणि भांडण उंबरठ्याबाहेर जाऊं न देणारे काका कोणाच्या हिशेबांत येत नाहींत. म्हणून बचाव कसा शिकवावा हा प्रश्न केवळ क्रीडांगणाचा नव्हे.

बास्केटबॉल हा खेळच मुळीं एका शिक्षकानें रचलेला आहे. अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें डिसेंबर १८९१ मध्यें जेम्स नेस्मिथ यांनीं हिवाळ्यांत छपराखालीं खेळतां यावा म्हणून पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि १३ नियम लिहून काढले. चेंडू हातीं घेऊन धांवावयाचें नाहीं आणि कोणास धक्का द्यावयाचा नाहीं, हे त्यांतील मुख्य. बळाचा वापर निषिद्ध ठरल्यावर बचावासाठीं उरतात तीं दोनच साधनें: पावलें आणि अवधान. आणि हीं दोन्ही जन्मतः मिळत नाहींत, शिकावीं लागतात.

तीं शिकविण्यांत ज्यांचें नांव सर्वांत मोठें झालें ते जॉन वुडन (१९१०–२०१०) हेही पेशानें शाळामास्तरच. पर्ड्यू विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनीं प्रथम शाळेंत इंग्रजी शिकविलें. १९४८ सालीं ते लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाचे शिक्षक झाले. पहिलें राष्ट्रीय विजेतेपद त्यांस मिळालें तें १९६४ सालीं, म्हणजे सोळाव्या हंगामांत. आणि त्यानंतर १९७५ पर्यंत आणखी नऊ. पंधरा वर्षें फळ आलें नाहीं म्हणून त्यांनीं झाड उपटलें नाहीं, एवढें पालकांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

१९६४ च्या त्या संघांतील पहिल्या पांचांत ६ फूट ५ इंचांहून उंच कोणी नव्हता. अंतिम सामन्यांतील ड्यूक विद्यापीठाच्या संघांत ६ फूट १० इंचांचे दोघे होते. तरीही सामना ९८–८३ असा जिंकला गेला आणि हंगामांतील तीसही सामने जिंकून संघ अजिंक्य राहिला. हें साधलें तें विशिष्ट बचावामुळें. गुण मिळाल्यावर बहुतेक संघ मागें फिरून आपल्या टोपलीपाशीं उभे राहतात. हा संघ तेथेंच थांबे: दोघे पुढें, दोघे त्यांच्या मागें, एक सर्वांत शेवटीं. प्रतिपक्षास सीमेबाहेरून चेंडू आंत टाकावयास ५ सेकंद आणि मधली रेघ ओलांडावयास १० सेकंद. पुढचे दोघे चेंडूवाल्यास कडेकडे वळवीत, मधले दोघे जवळच्या वाटा अडवीत, आणि घाबरून दूर फेकलेल्या चेंडूवर शेवटचा झेप घेई. चेंडू हिसकावणें हा यांतील मुख्य हेतु नव्हता. प्रतिपक्षास घाई करावयास लावणें हा होता. मात्र पांचांपैकीं एक जरी आळसावला, किंवा शौर्य दाखविण्यासाठीं एकटाच पुढें धांवला, तरी भिंतीस भगदाड पडलेंच. हा बचाव योजावा असा आग्रह त्यांचे सहायक जेरी नॉर्मन यांनीं धरला होता. मुख्य शिक्षकानें दुय्यमाचें ऐकलें, हाही संघाच्या वळणाचाच भाग होय.

अशी एकतानता येते कोठून? तालमींतून. वुडन यांची तालीम साधारण दोन तासांची. परंतु तिचा मिनिटामिनिटाचा क्रम ते लहानशा कार्डावर आधींच लिहून ठेवीत. हंगामाच्या आरंभीं मोठमोठ्या खेळाडूंस ते मोजे कसे चढवावे आणि बुटाच्या नाड्या कशा बांधाव्या हें शिकवीत; कारण मोज्यास चुणी पडली कीं पायास फोड येतो, आणि फोड आलेला पाय बचाव करूं शकत नाहीं. पुढें पद्धति अशी: समजावून सांगणें, करून दाखविणें, करवून घेणें, चूक सुधारणें आणि मग पुनः पुनः आवृत्ति. आधीं समग्र खेळ दाखवावा, मग त्याचे तुकडे पाडून घोटावे, शेवटीं तुकडे जोडावे. वेदाध्ययन ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें नवें वाटूं नये. संहितापाठ, पदपाठ, क्रमपाठ आणि घनपाठ हा आपला जुना क्रमही तोडून जोडण्याचाच आहे.

आज सर्वत्र प्रचलित असलेली एक तालीम पाहा. चार खेळाडू चढाईस, चार बचावास. गुण घ्यावयाचा नाहीं. चेंडू केवळ एकाकडून दुसऱ्याकडे द्यावयाचा. प्रत्येक फेंकीबरोबर बचावाच्या चौघांनींही जागा बदलावयाची. चेंडूजवळच्यानें चेंडूवाल्यास भिडावें, शेजाऱ्यानें मदतीपुरतें सरकावें, दूरच्यानें टोपलीकडे यावें. पण आपला गडी आणि चेंडू दोन्ही दृष्टीच्या टप्प्यांत ठेवावे. शिवाय आपण कोठें आहों हें मोठ्यानें सांगत राहावें. येथें मौन हा दोष मानतात. आपला गडी संभाळला कीं कर्तव्य संपलें, ही समजूत या तालमींत चार दिवसांत गळून पडते.

१९७४-७५ च्या हंगामांत रोलंड थार्प व रोनाल्ड गॅलिमोर या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं वुडन यांच्या तालमींस बसून त्यांच्या शिकवण्याच्या २,३२६ कृति टिपून घेतल्या. त्यांतील निम्म्याहून किंचित् अधिक नुसत्या सूचना होत्या: काय करावें आणि कसें करावें. स्तुति शेंकडा सुमारें ७, आणि केवळ रागें भरणेंही जवळजवळ तितकेंच. आपल्या घरांत मुलाशीं दिवसभर जें बोललें जातें त्याची अशी टांचणी कोणी ठेवली, तर रागाचा वांटा किती आणि मार्गदर्शनाचा किती निघेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

संघाचे नियम थोडे होते: वेळेवर यावें, अपशब्द उच्चारूं नये, सोबत्यास नांवें ठेवूं नयेत. ज्याच्या हातून चेंडू मिळाला त्याच्याकडे गुण मिळविणाऱ्यानें मान लववावी किंवा बोट दाखवावें. फळ्यावर जें लिहिलें जात नाहीं, त्याची नोंद अशा रीतीनें खेळाडूच ठेवीत.

परंतु या शिकवणीची खरी कसोटी विजेतेपदांच्या पुष्कळ आधीं लागली होती. १९४७ सालीं वुडन इंडियाना राज्यांतील शिक्षक-महाविद्यालयांत असतांना त्यांच्या संघास एका राष्ट्रीय स्पर्धेचें आमंत्रण आलें. त्या स्पर्धेंत कृष्णवर्णीय खेळाडूंस मज्जाव होता. संघांत क्लॅरन्स वॉकर नांवाचा एक कृष्णवर्णीय राखीव खेळाडू होता. त्यास घरीं ठेवून इतरांस नेणें सोपें होतें. वुडन यांनीं आमंत्रण नाकारलें. १९४८ सालीं ती बंदी उठली, वॉकर खेळला आणि संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. तो सामना ते हरले. पण त्या हरण्यास कमीपणा कोण म्हणेल?

कोणी कोठवर यावें याच्या रेषा आपल्या घरांनींही पिढ्यान् पिढ्या आंखल्या. माजघरापर्यंत कोण आणि अंगणापर्यंत कोण, हें लहान मुलासही पाठ असे. अशा घरांतील मुलांस संघभावना शिकवावयाची तर क्रीडांगण गांठून देणें पुरेसें नाहीं. संघांतील शेवटच्या गड्यास बाहेर ठेवून मिळणारें यश नाकारण्याची तयारी वडील माणसांत आहे कीं नाहीं, तें मुलें पाहत असतात. आणि पाहिलेलें तेवढेंच पुढें करतात.